दीड टनाची पिकअप खरंच दीड टन नेते का? जड मालासाठी गाडी निवडताना काय बघायचं

किचन ओटे आणि फरशीची कामं घेणाऱ्या एखाद्या कारागिराला ३०० चौरस फूट ग्रॅनाइट साइटवर न्यायचा आहे. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण ५ किलो भरतो, म्हणजे माल झाला १५०० किलो. दारात गाडी उभी आहे दीड टनाची. हिशोब बरोबर जुळला असं वाटतं.

शिवाय हौदा बघितला तर निम्म्याहून जास्त रिकामाच दिसतो. मग जागा आहेच म्हणून सिमेंटच्या सहा गोण्या चढतात, त्यांचे ३०० किलो. ग्रॅनाइट उभा ठेवायची लोखंडी घोडी १२० किलोची. कटर, ग्राइंडर, हातोडे मिळून ५० किलो. ड्रायव्हर आणि एक मदतनीस, १४० किलो. बेरीज २११० किलो. दीड टनाची गाडी रस्त्यावर येते तेव्हा तिच्यावर ६१० किलो जास्त असतात आणि बाहेरून बघणाऱ्याला गाडी अर्धी रिकामी दिसते.

वेल्डिंग-फॅब्रिकेशनवाले, प्लंबर, फरशीवाले, काचवाले, गवंडीकामाचे छोटे ठेकेदार या सगळ्यांची अडचण हीच. त्यांचा माल जागा कमी खातो आणि वजन जास्त. भाजीवाल्याचा किंवा कुरिअरवाल्याचा हौदा आधी भरतो आणि वजनाची मर्यादा नंतर येते. कारागिराचं नेमकं उलटं. त्यामुळे शेजाऱ्याच्या दुधाच्या गाडीला जे मॉडेल छान चाललं, ते सळ्या आणि लाद्या वाहणाऱ्याला चालेलच असं नाही.

आरसीवरचे दोन आकडे

गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, दोन वजनं छापलेली असतात. एक रिकाम्या गाडीचं आणि दुसरं मालासकट जास्तीत जास्त किती चालेल त्याचं. दुसऱ्याला शोरूममध्ये जीव्हीडब्ल्यू म्हणतात. दोन्हींची वजाबाकी म्हणजे भारक्षमता. जाहिरातीत '१.५ टन' लिहिलेलं असतं ते हेच.

गोम अशी की मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत रिकाम्या गाडीच्या वजनात ड्रायव्हर आणि मदतनीस धरलेले नसतात. म्हणजे गाडीत बसणारा प्रत्येक माणूस मालाच्या वाट्यातून वजा होतो. नंतर लावून घेतलेली लोखंडी जाळी, ताडपत्रीचा सांगाडा, केबिनवरचा शिडी ठेवायचा स्टँड, कायम गाडीतच राहणारं वेल्डिंग मशीन किंवा जनरेटर, सगळं त्याच वाट्यातून जातं. फॅब्रिकेशनवाले स्वतःच्या गाडीला हौसेनं जाड अँगलची बॉडी मारतात. त्या हौशीचे शंभर-दीडशे किलो रोज, प्रत्येक फेरीत, मालाऐवजी वाहिले जातात.

इंधनाचाही यात वाटा असतो. मारुतीच्या सुपर कॅरीचं उदाहरण सोपं आहे. पेट्रोल मॉडेलची भारक्षमता ७४० किलो सांगितली जाते आणि सीएनजी मॉडेलची ६२५ किलो. ही गाडी घेताना सीएनजीची बचत मोजणाऱ्यानं प्रत्येक फेरीत सिमेंटच्या दोन गोण्या कमी जातील हेही धरायला हवं. हलका माल असेल तर काहीच फरक पडत नाही, जड माल असेल तर वर्षभरात बऱ्याच फेऱ्या वाढतात.

म्हणून नवी गाडी बॉडी बांधून घरी आली की पहिलं काम वजनकाट्यावर न्यायचं. नेहमीची हत्यारं, घोडी, ड्रायव्हर, मदतनीस सगळं चढवून रिकामं वजन करायचं आणि ते आरसीवरच्या कमाल वजनातून वजा करायचं. जो आकडा उरेल तीच त्या गाडीची खरी भारक्षमता. तो केबिनमध्ये पेननं लिहून ठेवला तरी पुष्कळ.

आपला माल किती वजनाचा?

गाडी निवडण्याआधी हे माहीत हवं, पण बहुतेक जण गाडी आधी ठरवतात.

सिमेंटचं सोपं आहे, ५० किलोची गोणी, २० गोण्यांचा टन. पाण्याचा लिटर म्हणजे किलो, त्यामुळे भरलेली हजार लिटरची टाकी नेणं म्हणजे पूर्ण टन. सळईसाठी साइटवर चालणारं सूत्र असं की व्यासाचा वर्ग करून १६२ नं भागायचं, मीटरमागे किलो मिळतात. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो, म्हणजे १२ मीटरची एक सळई पावणेअकरा किलोच्या आसपास. १६ मिलिमीटरची तेवढीच लांब सळई १९ किलोला टेकते. १८ मिलिमीटर प्लायवूडचा आठ बाय चारचा तुकडा साधारण ३५ किलो धरावा. काच फसवी असते. १२ मिलिमीटरची काच चौरस मीटरला ३० किलो भरते, त्यामुळे दुकानाच्या दर्शनी भागाची चार-पाच तावदानं सहज अर्धा टन होतात.

सगळ्यात जास्त घोळ वाळूचा. आपल्याकडे वाळू ब्रासमध्ये मोजतात आणि ब्रास हे वजन नाही, घनफळ आहे. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. कोरडी वाळू धरली तरी एका ब्रासचं वजन साडेचार टनांच्या आसपास जातं, ओली असेल तर त्याहून जास्त. 'अर्धा ब्रास टाक रे पिकअपमध्ये' हे वाक्य रोज कुठेतरी बोललं जातं. अर्धा ब्रास म्हणजे सव्वादोन टन. बाजारातली दोन टनांची पिकअपसुद्धा तेवढं नियमात नेऊ शकत नाही. पाव ब्रास, म्हणजे सव्वा टनाच्या आत-बाहेर, हे दीड टनाच्या गाडीचं खरं माप.

लांबीचा प्रश्न

वजनाइतकीच लांबी नडते. लोखंडी पाइप आणि अँगल २० फुटी येतात, सळई ४० फुटी. छोट्या मिनी ट्रकचा हौदा सात फुटांच्या आसपास, मोठ्या पिकअपचा आठ ते दहा फूट. मग पाइप केबिनवरून पुढे काढले जातात किंवा मागचा फाळका पाडून बाहेर लोंबकळत ठेवले जातात, टोकाला लाल फडकं बांधून. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते फडकं दिसत नाही. टोकं सरळ छाती-चेहऱ्याच्या उंचीवर असतात.

कायदाही इथे कडक आहे. माल हौद्याच्या बाजूंनी, पुढे-मागे किंवा उंचीत परवानगीपेक्षा बाहेर आला तर कलम १९४ नुसार २० हजार रुपये दंड आहे. जास्त वजनासाठीही तेच २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही आणि उतरवायचा खर्च गाडीवाल्याचाच. वजन करून द्यायला नकार दिला तर ४० हजार.

ज्याचं काम मुख्यतः पाइप-अँगलचं आहे त्यानं भारक्षमतेत थोडी तडजोड करून लांब हौदा घेतलेला बरा. महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या दोन टनी मॉडेलचा हौदा ३०५० मिलिमीटर, म्हणजे दहा फूट आहे. २० फुटी पाइप अर्धा कापून घेतला की त्यात नीट बसतो. गेट, ग्रिल, शेड यांची मापं आधी काढून दुकानातच पाइप कापून घेता येतात, आणि कापायचे पैसे दंडापेक्षा नक्कीच कमी. सळई मात्र पिकअपचा माल नव्हेच. ती दुकानदाराच्या ट्रकनं मागवावी.

बाजारात काय आहे

२००५ मध्ये टाटा एस आली, आपल्याकडचा 'छोटा हत्ती', आणि तीनचाकी टेम्पो व मोठा ट्रक यांच्यामधली रिकामी जागा भरली. तेव्हापासून ही बाजारपेठ तीन थरांत विभागली गेली आहे.

पाऊण टनाच्या आसपासचा पहिला थर: एस आणि सुपर कॅरीसारख्या गाड्या. इलेक्ट्रिशियन, रंगकाम, छोटं प्लंबिंग यांना पुरतात, गल्लीबोळांत वळतात, पुण्याच्या पेठांत किंवा गिरगावात उभ्या करता येतात. ग्रॅनाइटवाल्यानं यांच्या वाटेला जाऊ नये.

एक ते दीड टनाचा मधला थर: टाटा इंट्राची वेगवेगळी मॉडेल्स, अशोक लेलँडची दोस्त, बोलेरो पिकअपची छोटी रूपं. बहुतेक कारागिरांची गाडी इथेच सापडते.

वरचा थर १.७ ते २ टनांचा: बोलेरो पिकअपची मोठी मॉडेल्स, टाटा योद्धा, बडा दोस्त. रोज जड माल आणि सोबत ग्रामीण रस्ते असतील तर हा.

सोशल मीडियावर पिकअप म्हणून ज्या गाड्यांचे रील फिरतात, टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस, त्या या हिशोबात बसत नाहीत. दिसायला दणकट आहेत आणि खडकाळ वाटेवर उत्तम चालतात, पण पाच माणसांच्या केबिनमुळे आणि आरामशीर बांधणीमुळे माल वाहायची त्यांची क्षमता निम्म्याहून कमी किमतीच्या बोलेरो पिकअपपेक्षा कमी आहे. टीम सोबत न्यायची असेल तर बोलेरो कॅम्परसारखी दोन रांगांची केबिन असलेली गाडी मिळते. तिथेही हौदा आणि भारक्षमता दोन्ही घटतात.

३००० किलोची रेघ

गाडीचं मालासकट कमाल वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलं की लागतं, मग माल स्वतःचा असो की भाड्याचा. दीड टनाच्या वर्गातल्या बऱ्याच गाड्या या रेषेच्या जरा आतच ठेवलेल्या आहेत. इंट्रा व्ही ५० चं कमाल वजन २९४० किलो आहे, हा योगायोग नाही. १.७ टन आणि वरच्या गाड्या सहसा रेषेपलीकडे जातात. परमिट काढणं अवघड नाही, पण तो आणखी एक कागद, आणखी एक तारीख. ज्याला आरटीओच्या कामाला वेळ नाही त्यानं हे लक्षात घ्यावं.

लायसन्सबद्दल बराच काळ गोंधळ होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तो मिटवला. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. सगळ्या पिकअप यात येतात. फक्त लायसन्सवर शेरा नाही एवढ्या कारणावरून विमा कंपन्या दावे अडवत असत, तो रस्ता या निकालानं बंद झाला. ओव्हरलोडचा रस्ता मात्र उघडा आहे. अपघातानंतर गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माल होता असं निघालं, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कापला जाऊ शकतो किंवा नाकारलाही जाऊ शकतो. गाडी कर्जावर असेल तर भंगार झालेल्या गाडीचे हप्ते भरत राहायचे.

घाटात काय होतं

'आमची गाडी तीन टन ओढते' असं अभिमानानं सांगितलं जातं आणि ते खोटंही नसतं. आजची डिझेल इंजिनं कमी फेऱ्यांवर चांगली ओढ देतात. पहिल्या गिअरमध्ये गाडी चढते. प्रश्न चढण्याचा नाही, उतरण्याचा आहे.

लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर, खोपोली ६० च्या आसपास. म्हणजे बोरघाट उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. तीन टनांची गाडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती ५० लिटर पाणी उकळायला पुरेल इतकी असते. ही ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. थोडी वाऱ्यात जाते, गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बरीच इंजिन खातं आणि उरलेली सगळी ब्रेकच्या ड्रम आणि लायनरमध्ये उष्णता होऊन साठते. गाडीवर एक टन जादा असेल तर आणखी १७-१८ लिटर पाणी उकळेल एवढी भर पडते. ड्रम ठराविक मर्यादेपलीकडे तापले की लायनरची पकड सुटते. पेडल दाबलं जातं, गाडी थांबत नाही. ड्रायव्हर त्याला 'ब्रेक फेल' म्हणतो. बऱ्याचदा ब्रेकमध्ये बिघाड काहीच नसतो, नुसते तापलेले असतात.

त्यात डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची सवय. न्यूट्रल केलं की इंजिनचा वाटा शून्य होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंदच केलं तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही थोड्या वेळात संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम भौतिकशास्त्राला धरून आहे.

आता पाट्यांबद्दल. गाडी मागून बसते म्हणून गॅरेजमध्ये जाऊन मागे एक-दोन पाटे वाढवून घेणं सर्रास चालतं. गाडी उंच होते, बसत नाही, मालक खूश. पण पाटा वाढवल्यानं ॲक्सल मजबूत होत नाही, बेअरिंग मोठं होत नाही, ड्रम तेवढेच राहतात आणि टायरही तेच. टायरच्या बाजूला भाराचा निर्देशांक छापलेला असतो. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. पाटे वाढवताना हा आकडा कुणी वाचत नाही. वाढवलेल्या पाट्यांचा खरा परिणाम एवढाच की गाडी 'आता जास्त झालं' असं सांगणं बंद करते.

माल कुठे ठेवला यानंही फरक पडतो. पुढच्या-मागच्या चाकांत साधारण ३ मीटर अंतर आहे असं धरू. ५०० किलोचा माल मागच्या चाकांच्या एक मीटर मागे, फाळक्याशी ठेवला, तर मागच्या ॲक्सलवर ५०० नव्हे ६६७ किलो पडतात आणि पुढच्या चाकांवरचे १६७ किलो कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. ओल्या रस्त्यावर अशी गाडी वळणात सरळ जायला बघते. जड माल केबिनच्या भिंतीला टेकवून, खाली आणि पट्ट्यांनी बांधून ठेवायचा. हमालाला मागून उतरवायला सोपं जावं म्हणून तो फाळक्याजवळ ठेवला जातो, आणि हमालाचं बरोबरच असतं, त्याला गाडी चालवायची नसते.

इंधन आणि खर्च

रोज जड माल, घाट, लांबचं अंतर असेल तर डिझेलला अजून तोड नाही. शहरात दिवसाला ठराविक फेऱ्या असतील तर सीएनजी स्वस्त पडतं, भारक्षमतेतली घट आणि पंपावरची रांग धरूनही. इलेक्ट्रिकमध्ये २०२२ ची एस ईव्ही ६०० किलोची होती, २०२४ मध्ये एक टनाचं मॉडेल आलं. गोदाम ते दुकान अशा बांधलेल्या मार्गाला ती ठीक. साइट रोज बदलणाऱ्या कारागिरानं आधी चार्जिंग कुठे करणार ते ठरवावं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. शिवाय मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येतं, जे कारवर सहसा मिळत नाही. त्यासाठी धंद्याची नियमित जीएसटी नोंदणी हवी. कंपोझिशन योजनेत असलेल्याला ते मिळत नाही.

गाडी किती मोठी घ्यायची याचं उत्तर वर्षातल्या सगळ्यात जड फेरीवरून काढू नये. महिन्यातून एकदा तीन टन न्यायचे असतील तर त्या दिवशी भाड्यानं ट्रक बोलवावा. रोज ८०० किलो नेणाऱ्यानं त्या एका दिवसासाठी दोन टनाची गाडी घेतली तर हप्ता, टायर, डिझेल सगळं महिनाभर जास्त भरतो. याच्या उलट, रोज १२०० किलो नेणाऱ्यानं हप्ता कमी म्हणून एक टनाची घेतली तर दोन-तीन वर्षांत क्लच, पाटे आणि बेअरिंगमध्ये तो फरक निघून जातो. खऱ्या भारक्षमतेच्या तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश एवढा रोजचा माल बसेल अशी गाडी शोधावी.

जुनी घेताना

जुन्या पिकअपमध्ये चमकता रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी खाली वाकून मागच्या पाट्यांची संख्या मोजायची आणि कंपनीच्या मूळ संख्येशी ताडून बघायची. जास्त असतील तर गाडीनं आयुष्यभर काय वाहिलं ते कळलं. चासीच्या लांब पट्ट्यांवर, विशेषतः केबिन आणि हौद्याच्या मधल्या भागात, वेल्डिंगचे टाके किंवा वरून मारलेली पट्टी दिसली तर किंमत कितीही कमी असली तरी गाडी सोडून द्यावी. हौद्याचा पत्रा मध्ये खचला आहे का, मागचे टायर आतल्या बाजूनं जास्त झिजले आहेत का, हेही तिथेच कळतं. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं, म्हणून आठव्या वर्षाजवळची गाडी स्वस्त दिसते. शेवटी आरसीवरचं रिकामं वजन वाचायचं आणि मालकाला सांगून गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्यायची. दोन आकड्यांत दोनशे किलोंचा फरक निघाला तर बॉडीत काय काय घातलंय ते त्यालाच विचारायचं.